पणजीतील बार आणि संध्याकाळ : शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

नोकरी, शिक्षण किंवा बदली यांमुळे पणजीत राहायला आलेल्या मराठी माणसाच्या मनात गोव्याच्या रात्रीचे जे चित्र असते, ते बहुधा कळंगुट आणि बागा येथील किनाऱ्याचे असते. पणजीचा त्या चित्राशी फारसा संबंध नाही. मांडवीच्या डाव्या तीरावर वसलेले हे राजधानीचे शहर आकाराने लहान आहे, सरकारी कचेऱ्या आणि शाळांच्या वेळांवर चालते आणि रात्री लवकर शांत होते. येथील जुने बार बहुतेक राहत्या घरांच्या तळमजल्यावर आहेत; मालक त्याच घरात मागे किंवा वरच्या मजल्यावर राहतो आणि गिऱ्हाइके बरीचशी त्याच वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली असतात. अशा ठिकाणी नवख्याने कसे जावे, काय मागवावे, काय टाळावे आणि घरी सुखरूप कसे परतावे, हे क्रमाने सांगण्याचा येथे प्रयत्न आहे. माझे मत आधीच सांगतो : पणजीत ज्याला संध्याकाळ घालवता आली, त्याला रात्रीच्या गजबजाटाची उणीव भासत नाही.

आधी वेळ ठरवा

पणजीतील पहिली गोष्ट शिकायची ती वेळेची. जुन्या पद्धतीचे छोटे बार सकाळी उघडतात, दुपारच्या जेवणानंतर काही तास बंद असतात आणि दिवे लागणीला पुन्हा उघडतात. दुपारी तीन वाजता दार ठोठावून कोणी उघडले नाही तर राग मानू नये. ती विश्रांतीची वेळ सगळ्या शहराची आहे. सायंकाळी साडेसहा ते नऊ हा येथील खरा काळ. कचेऱ्या सुटलेल्या असतात, मांडवीवरून वारा येऊ लागलेला असतो आणि बाकावर जागा मिळते. साडेनऊनंतर अनेक छोट्या बारमध्ये आवराआवर सुरू होते. मुंबई-पुण्याच्या सवयीने दहा वाजता घरातून निघणाऱ्याला पणजीत अर्धे दरवाजे लागलेले दिसतील आणि शहरात काहीच नाही असा त्याचा चुकीचा समज होईल.

महाराष्ट्रातून आलेल्यांना आणखी एक फरक माहीत असावा. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी व्यक्तीकडे परवाना असावा लागतो, आणि म्हणूनच तेथील पाट्यांवर ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते. गोव्यात पिणाऱ्याला असा वैयक्तिक परवाना लागत नाही. परवाना दुकानाचा आणि बारचा असतो. तरीही वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे, विशेषतः चेहरा कोवळा असेल तर. निवडणुकीच्या मतदानाची वेळ संपण्यापूर्वीच्या 48 तासांत आणि मतमोजणीच्या दिवशी मद्यविक्री बंद असते, आणि गोव्यात विधानसभा, लोकसभा, पंचायत, पालिका अशा निवडणुका एकामागून एक येत राहतात, हे ध्यानात ठेवावे. गुड फ्रायडेला ख्रिस्ती मालकांचे अनेक बार आपणहून बंद असतात.

कोणत्या भागात जावे

पहिल्या संध्याकाळी फोंतायन्हस, मळा आणि सांव तोमे या जुन्या भागांत पायी फिरावे. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी आणि औरेमच्या खाडीलगत हे वाडे पसरले आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की चारचाकी आणणे हा स्वतःलाच त्रास आहे. सांव तोमे भागातील जोसेफ बार आता बाहेरगावच्या लोकांनाही ठाऊक झाला आहे. आत जेमतेम काही माणसे मावतात, बाकीची गल्लीत उभी राहतात. कोकम आणि फेणी यांचे ‘तांबडे रोझा’ हे तेथील पेय नवख्यासाठी फेणीची चांगली ओळख ठरते, कारण कोकमाचा आंबटपणा फेणीच्या उग्र वासाला आवर घालतो. शनिवारी-रविवारी तेथे फार गर्दी असते. शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी जावे.

ज्यांना खुर्चीवर निवांत बसून गप्पा मारायच्या आहेत, त्यांच्यासाठी महापालिका उद्यानासमोरचा क्लूब वास्को द गामा योग्य आहे. वरच्या मजल्यावरच्या सज्जातून उद्यान आणि चर्चचा परिसर दिसतो आणि कुटुंबासह बसायलाही तेथे संकोच वाटत नाही. अठरा जून मार्ग आणि सांतिनेज भागात ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी असलेली अनेक साधी ठिकाणे आहेत, जेथे जेवण मुख्य आणि पेय जोडीला असते. मिरामार, करंजाळे आणि दोना पावला येथे अलीकडच्या पद्धतीचे, संगीत आणि मंद दिवे असलेले बार आहेत. ते सगळीकडे सारखेच असल्याने त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो बोटी हा तर वेगळाच व्यवहार आहे. तेथे जुगारासाठी जाणारा माणूस पणजीच्या संध्याकाळसाठी जात नसतो, आणि नवख्या पगारदाराने त्यांपासून दूर राहावे असेच माझे स्पष्ट सांगणे आहे.

जुन्या वाड्यांवरचा जो बार आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल, तोच पुढे आपला होण्याची शक्यता अधिक. त्याची पाटी लहान असेल, आत चार टेबले, भिंतीवर देवाची तसबीर, तिच्यापुढे जळणारा छोटा दिवा आणि फळीवर रांगेने लावलेल्या बाटल्या असतील. अशा जागा कमी होत चालल्या आहेत. पुढची पिढी परदेशात किंवा दुसऱ्या व्यवसायात जाते, घरांचे दर वाढतात आणि तळमजला भाड्याने दिला की तेथे पर्यटकांसाठी कॅफे उघडतो. जो बार टिकून आहे, त्याला दर आठवड्याला येणाऱ्या शेजाऱ्याचा आधार सुट्टीतल्या पाहुण्यापेक्षा मोठा असतो, म्हणून नव्याने राहायला आलेल्यांनी याच जागा आधी शोधाव्यात असा माझा आग्रह आहे.

आत गेल्यावर

आत शिरल्यावर थेट रिकाम्या खुर्चीवर बसण्याआधी गल्ल्यावरच्या व्यक्तीला नमस्कार करावा आणि बसू का असे विचारावे, कारण कोपऱ्यातली एखादी खुर्ची वर्षानुवर्षे एकाच माणसाची असते. मालक वयस्कर असेल तर ‘बाब’, मालकीण असेल तर ‘बाय’ ही संबोधने चालतात. गिऱ्हाइके आणि मालक परस्परांना ‘पात्रांव’ (साहेब, मालक) म्हणताना ऐकू येतील; ओळख वाढल्यावर आपणही म्हणावे, पहिल्याच दिवशी नको. मराठीत बोलल्यास बहुतेकांना समजते आणि उत्तरही मराठीत मिळते. मात्र दोन-चार कोंकणी वाक्ये शिकून घेतली तर बोलणे लवकर मोकळे होते. निघताना आभार म्हणून ‘देव बरें करूं’ एवढे म्हटले तरी पुरे.

मोठ्या आवाजात बोलणे, फोनवर गाणी लावणे आणि न विचारता छायाचित्रे काढणे या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. फोंतायन्हसमधील रहिवासी छायाचित्रे काढणाऱ्यांच्या झुंडींना कंटाळले आहेत; काही घरांवर तशा सूचनांच्या पाट्याही लावलेल्या आहेत. बारमध्ये जागा नसल्यास ग्लास घेऊन शेजारच्या घराच्या सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर जाऊन बसू नये. तो सोपो त्या कुटुंबाचा असतो आणि आत कोणी परीक्षेचा अभ्यास करत असते किंवा आजारी माणूस झोपलेला असतो.

स्त्रियांनी काही गोष्टी आधी जाणून घेतलेल्या बऱ्या. सर्वांत जुन्या, छोट्या बारमध्ये अजूनही बहुतांशी पुरुषच दिसतात. तेथे बाईने येऊ नये असा नियम नाही आणि बहुतेक ठिकाणी वागणूक सभ्यच असते, तरी पहिल्या वेळी ओळखीच्या व्यक्तीबरोबर जाणे सोयीचे पडते. जेथे मालकीण स्वतः गल्ल्यावर असते, ती जागा निश्चिंतपणे निवडावी. जे पीत नाहीत त्यांनीही बिनदिक्कत यावे. कोकम सोडा किंवा लिंबू सोडा मागवून तासभर बसलेल्या माणसाकडे येथे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

काय मागवावे : फेणी आणि उर्राक

बिअर हवी असेल तर गोव्याची जुनी ‘किंग्स’ मागावी. हलकी आहे आणि येथील उकाड्याला मानवते. पण पणजीत राहायचे आणि फेणी समजून घ्यायची नाही, हे योग्य नाही.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले आणि गोव्याच्या डोंगरउतारांवर ते रुजले. साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरीपर्यंत बोंडांचा हंगाम असतो. पिकून आपोआप गळून पडलेली बोंडे गोळा करतात, बिया वेगळ्या काढतात आणि कातळात खोदलेल्या किंवा बांधलेल्या ‘कोळंबी’ नावाच्या उथळ कुंडात ती पायांनी तुडवतात. तुडवलेल्या चोथ्यावर दाब देऊन जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. त्यात मद्य नसते आणि तो लवकर आंबतो, म्हणून सकाळीच प्यावा लागतो. हंगामात मिळाला तर अवश्य प्यावा. बाकीचा रस काही दिवस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या वाफेतून मिळतो तो उर्राक. उर्राकात पुन्हा आंबवलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळले की फेणी तयार होते. तिला कुठलाही रंग किंवा सुगंध बाहेरून लावलेला नसतो. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये राज्य सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. दक्षिण गोव्यात माडाची फेणीही होते. रेंदेर, म्हणजे माडी काढणारे लोक, माडावर चढून सूर (माडी) काढतात आणि त्यापासून ती गाळतात; तिचा वास काजूच्या फेणीपेक्षा सौम्य असतो.

उर्राक फक्त हंगामातच प्यावा. तो टिकाऊ नसतो, आणि पावसाळ्यानंतर कोणी ताजा उर्राक म्हणून काही पुढे केले तर घेऊ नये. उर्राक घेण्याची रूढ रीत अशी : उंच ग्लासात उर्राक, वर लिम्का किंवा सोडा, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. याच रीतीने फेणीही घेता येते, फक्त तिचे प्रमाण फार कमी ठेवावे. जुनी मंडळी फेणी साध्या पाण्याबरोबर, छोट्या ग्लासात, सावकाश घेतात. पहिल्यांदा चव घेणाऱ्याने 30 मिलिलिटरचा एकच पेग मागावा आणि निम्मा ग्लास संपेपर्यंत निर्णय राखून ठेवावा, कारण पहिल्या घोटाला नाकात शिरणारा वास पुढे सरावाचा होतो.

येथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण नवख्यांना सर्वाधिक चकवतो तो उर्राकच. बाटलीबंद फेणीत मद्यार्काचे प्रमाण साधारण 42 ते 43 टक्के असते, म्हणजे 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे 13 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो. उर्राकात ते प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तो निरुपद्रवी सरबत वाटतो. परंतु उर्राक पेगने नव्हे, ग्लासाने ओतला जातो. ग्लासात 180 मिलिलिटर उर्राक असेल तर शुद्ध मद्यार्क 27 मिलिलिटर होतो, म्हणजेच फेणीचे दोन पेग. आणि लिम्काच्या गोडीमुळे तो ग्लास एप्रिलच्या उकाड्यात पंधरा मिनिटांत संपतो. तीन ग्लासांनंतर उभे राहताना पाय का डळमळतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. प्रत्येक ग्लासाबरोबर तेवढेच पाणी प्यावे आणि कोणतीही औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

रस्त्याच्या कडेला वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून विकली जाणारी फेणी किंवा उर्राक घेऊ नये. स्वस्त मद्यार्कात थोडी फेणी मिसळून विकण्याचे प्रकार होतात आणि त्याची चव नवख्याला ओळखता येत नाही. परवानाधारक दुकानातून, उत्पादकाचे नाव आणि मद्यार्काचे प्रमाण छापलेली काचेची बाटली घ्यावी. किंवा बारमालक ज्या भट्टीवरून वर्षानुवर्षे फेणी आणतो, ती त्याच्याच बारमध्ये बसून घ्यावी. चांगल्या बारचा मालक आपली फेणी कोणत्या तालुक्यातून येते हे अभिमानाने सांगतो, आणि तो प्रश्न विचारल्यावर संभाषण हमखास लांबते.

जोडीला खाणे

रिकाम्या पोटी बसू नये. छोट्या बारमध्ये उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे, रव्यात तळलेल्या वेर्ल्या किंवा बांगडा, तिसऱ्यांचे सुके, चोरीस-पाव असे पदार्थ मिळतात. चोरीस म्हणजे गोव्याचे मसालेदार सॉसेज; ते डुकराच्या मांसाचे असते, हे न खाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. उर्राकाच्या हंगामात चेपणीचे तोर, म्हणजे मिठात मुरवलेल्या छोट्या कैऱ्या, समोर आल्या तर नाही म्हणू नये. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा मासे महाग आणि बरेचदा गोठवलेले असतात, म्हणून त्या दिवसांत खाडीतले काय आहे ते विचारावे किंवा सरळ अंडी मागवावीत. शाकाहारी माणसाची मात्र छोट्या बारमध्ये थोडी अडचण होते. भजी आणि चण्यांवर भागवावे लागते आणि जेवण दुसरीकडे घ्यावे लागते.

बार बंद झाल्यावर भूक लागली तर रॉस आम्लेटच्या गाड्याकडे वळावे. कांदा-मिरचीचे आम्लेट, त्यावर कोंबडीच्या शाकुतीचा गरम रस, बाजूला पाव, चिरलेला कांदा आणि लिंबू. पणजीच्या रात्रीचा हा माझ्या मते सर्वांत उत्तम भाग आहे, आणि त्यासाठी आधी काही पिण्याची मुळीच गरज नाही.

बिल

गोव्यात मद्यावरचा कर महाराष्ट्राच्या तुलनेत कमी असल्याने बिल हलके वाटते आणि त्यामुळेच एक ग्लास जास्त मागवला जातो. छोट्या बारमध्ये रोख सुटे पैसे जवळ असावेत. बक्षिसी सक्तीची नाही, पण सुटे परत न मागणे हा सौजन्याचा भाग आहे. मोठ्या ठिकाणी बिलात सेवा शुल्क लावलेले असेल तर ते काढून टाकण्यास सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच ते आपोआप आकारण्यास मनाई केली आहे. उधारीची सवय पहिल्या महिन्यात लावून घेऊ नये. लहान शहरात उधारीची बातमी माणसापेक्षा आधी पोहोचते.

घरी परतणे

या बाबतीत कोणतीही सवलत नाही : प्यायल्यानंतर गाडी चालवू नये, दुचाकीसुद्धा नाही, आणि ‘जवळच तर आहे’ हे कारण कधीही सांगू नये. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी गोव्यातील रात्रीचे रस्ते अरुंद, वळणांचे आणि अनेक ठिकाणी अंधारे आहेत. या रस्त्यांवर भाड्याच्या स्कूटरवरून येणारी तरुण मुले दर हंगामात मरतात, आणि त्यांची नावे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापली जातात.

म्हणून परतीची सोय निघण्याआधी करावी. गोव्यात ओला-उबरची सवय उपयोगी पडत नाही. ‘गोवा माइल्स’ हे येथील टॅक्सीचे ॲप फोनमध्ये आधीच ठेवावे आणि एखाद्या विश्वासू टॅक्सीचालकाचा किंवा रिक्षाचालकाचा क्रमांक जवळ असावा. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून भाड्याने नेणारे ‘पायलट’ दिवसा फार सोयीचे असतात, पण रात्री उशिरा त्यांचा भरवसा धरू नये. कदंबच्या बसगाड्याही रात्री लवकर थांबतात. मडगाव, म्हापसा किंवा वास्कोला राहणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ बसस्थानकावर विचारून घ्यावी. सर्वांत चांगला उपाय म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावरचा बार निवडणे.

उरलेली बाटली घेऊन मिरामारच्या वाळूत बसण्याचा मोह अनेकांना होतो. पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणे हा 2019 पासून दंडनीय गुन्हा आहे. तेव्हा एका व्यक्तीला 2,000 रुपये आणि गटाला 10,000 रुपये दंड ठरला होता; तो पुढे वाढवण्यात आला. काचा वाळूत राहतात आणि सकाळी अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांत शिरतात, हे वेगळे सांगायला नको.

वर्षभराचा अंदाज

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. 2004 पासून तो पणजीत भरतो आणि त्या दिवसांत कांपाल ते सांव तोमे सगळीकडे गर्दी असते. 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त (वार्षिक सण) आणि त्याची फेरी, मग नाताळ. फेब्रुवारीच्या सुमारास मळ्यातील मारुतीची जत्रा आणि कार्निव्हल येतात. कार्निव्हलची अखेर क्लूब नासियोनालच्या लाल-काळ्या पोशाखाच्या नृत्याने होते, आणि त्याची प्रवेशिका मिळाली तर जरूर जावे. या सर्व दिवसांत आपल्या नेहमीच्या बारमध्ये जागा मिळणार नाही असे गृहीत धरावे. पावसाळ्यात मात्र शहर पुन्हा रहिवाशांचे होते. जुलैच्या मुसळधार संध्याकाळी मळ्यातल्या एखाद्या बारमध्ये छत्री दाराशी टेकवून बसावे. मालकाला बोलायला वेळ असतो आणि जुन्या पणजीच्या गोष्टी त्याच दिवसांत ऐकायला मिळतात.

गावी जाताना

सणासुदीला सावंतवाडी, कोल्हापूर किंवा पुण्याला निघताना सामानात बाटल्या भरण्याची पद्धत सर्रास दिसते. गोव्याबाहेर मद्य नेण्यासाठी गोव्याच्या अबकारी खात्याचा परवाना लागतो आणि महाराष्ट्रात विनापरवाना आणलेले गोवा बनावटीचे मद्य तेथील कायद्याने बेकायदा ठरते. बांद्याजवळ इन्सुली येथे महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे, गाड्या थांबवून तपासल्या जातात आणि मद्याबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. नातेवाइकांसाठी काही न्यायचेच असेल तर काजूगर, कोकमाची आमसुले किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरीसची माळ न्यावी. एखाद्या मित्राला फेणी पाजायचीच असेल, तर त्याला पणजीला बोलवावे आणि सायंकाळी सातच्या आत पोहोचायला सांगावे.